रापणीतली जपानी कॅसेट

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जपानी संस्कृती रुजवण्यात माझ्या दुकानाचा वाटा मोठा आहे, हे विधान मी पूर्ण विचारांती करतो आहे. दुकान म्हणजे मालवणच्या मासळी बाजारामागची एक खोली. पाटीवर 'रेडिओ टीव्ही दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं. त्यातला रेडिओ काळाने निरर्थक केला, 'दुरुस्ती' खाऱ्या वाऱ्याने पुसली आणि उरलं ते 'टीव्ही'. जपानी संस्कृतीला माझा हात लागला तो तिच्यावर चढलेला हिरवा गंज खरवडण्यापुरता.

ज्यांच्या घरात त्या काळी मुलं नव्हती त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवं शतक लागल्यावर दोन-तीन वर्षांत केबलवर एक जपानी कार्टून मालिका हिंदीत बोलायला लागली. तिच्यातला पोरगा गावोगाव हिंडतो, चित्रविचित्र प्राणी पकडतो, त्यांना माया लावतो आणि मग ज्यांना माया लावली त्यांनाच दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजायला लावतो. संध्याकाळी ती सुरू झाली की बाजारात पोर दिसत नसे. याच मालिकेवरून केलेले खेळ हातात मावणाऱ्या एका यंत्रावर खेळता यायचे. यंत्र साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं, पाठीत खाच, खाचेत कॅसेट घालायची. ही यंत्रं मालवणात विकत मिळत नव्हती. ती यायची जपानकडे जाणाऱ्या बोटींवर नोकरीला असलेल्यांच्या बॅगेतून, साबण, सेंट आणि चॉकलेटांच्या सोबत. त्यामुळे खेळातली सगळी अक्षरं जपानी. मुलांचं त्यावाचून काही अडत नसे. चेहरे टीव्हीवर पाहिलेले होते, आणि ओळखीच्या माणसाचं बोलणं कळावं लागतंच असं नाही. घरोघरी तोच अनुभव आहे.

मुंबईच्या फुटपाथवरून येणारी दुसरीही एक जात होती. डब्यावर त्याच मालिकेचं रंगीत चित्र, आत विटा रचण्याचा एकच खेळ. ती घेऊन आलेल्या पोराला 'यात तुझा हिरो नाही' हे सांगण्याचं काम आईबाप माझ्यावर सोपवत. डॉक्टरने वाईट बातमी द्यावी तसं ते मी करत असे, फी न घेता.

आता खरा धंदा. समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं. कॅसेटच्या तोंडाशी पितळी दातांसारखी पट्टी असते, तिच्यावर ते बसतं आणि हिरवं होतं. मग पडद्यावर आडव्या रेघा येतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा फुंकर मारतं, म्हणजे मिठात थुंकीची भर. इलाज सोपा आहे, शाळेतलं खोडरबर आणि कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट. हे सोपं आहे म्हणूनच मी ते पडद्याआड करत असे. समोर केलं असतं तर लोकांनी खोडरबर विकत घेतलं असतं.

पण आमच्या किनाऱ्याने या आजाराला आपला इलाज शोधला होता. इथे कुलूप, कात्री, बिजागरी, होडीचं इंजिन, काहीही लोखंडी असेल तर त्याला तेल घालायचं हे माणूस पाळण्यात शिकतो. एकदा दांडी किनाऱ्यावरची एक मासे विकणारी बाई मुलीचं यंत्र घेऊन आली.

"भुतूर तेल सोडलंय, तरी चलणा नाय," ती म्हणाली.

"कसला तेल, बाय?"

"खोबरेल. घरचा. भेसळ नाय हां."

मी यंत्र उघडलं. खोबरेल शुद्ध होतं, यात शंका नाही. सगळं धुऊन, पुसून, उन्हात वाळवून ते चालू केलं आणि पुढचे कित्येक महिने ती मला रस्त्यात भेटली की म्हणायची, "माझ्या तेलाचो गुण इलो मां?" मी हो म्हणायचो. तिच्याकडून मिळणारी सुरमई ताजी असायची.

आणखी एक गोष्ट सांगून मुद्द्यावर येतो. याच सुमारास बाजारात एकाने व्हिडिओगेमचं पार्लर काढलं आणि उद्घाटनाला एका पुढाऱ्यांना बोलावलं. त्यांनी एकविसावं शतक, संगणक क्रांती आणि कोकणचा तरुण यांची सांगड घालायला घेतली, आणि क्रांती मध्यावर असताना लाइट गेली. भारनियमन होतं. अंधारात उजेड द्यायला कोणी मेणबत्ती शोधत होतं, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीच्या हातातून टुणटुण ऐकू आली. सेलवर चालणारं तिचं यंत्र सुरूच होतं. लाइट आली तेव्हा पुढारी तिच्या शेजारी उकिडवे बसून बटणं दाबत होते आणि कार्यकर्ते आळीपाळीने बघत होते. भाषण त्यांनी पुढे चालू केलं नाही. त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हापासून बरं आहे.

आता कॅसेटच्या पोटातला सेल. घड्याळात असतो तसा चपटा, पण आत सोल्डर मारून बसवलेला. आपण खेळ जिथे थांबवला, कोणते प्राणी पकडले, ते सगळं लक्षात ठेवण्याचं काम त्याचं. यंत्र बंद असलं तरी तो आत जागा असतो. काही वर्षांनी तो मरतो आणि त्याच्याबरोबर सगळं विसरलं जातं. दुसऱ्या दिवशी खेळ पहिल्यापासून सुरू होतो, जणू तुम्ही कधी आलाच नव्हता. तोंडवलीच्या रापणीचं नेमकं हेच झालं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन टोकांच्या दोऱ्या दोन टोळ्यांनी वाळूवरून ओढायच्या. जाळं एकाचं नसतं, माणसंही एका घरची नसतात. आलेल्या मासळीचे वाटे होतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग माणसागणिक. या रापणीचे म्होरके आबा तांडेल. साठीपुढचे, बोलणं कमी, आवाज भरतीसारखा. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला. लहानपणी तो याच रापणीची दोरी ओढून वाटा नेत असे, त्याची आठवण ठेवून त्याने जपानहून येताना यंत्र आणि कॅसेट आणली आणि दिली ती कुठल्याही घरात नाही, तर रापणीच्या मांगरात. मांगर म्हणजे जाळी-दोऱ्या ठेवायची झावळांची खोप. म्हणजे यंत्र रापणीचं झालं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली. एकदा मांगरातला रेडिओ बघायला मी गेलो होतो तेव्हा त्यांचा खेळ पाहिला. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून सगळे दाराशी, पागोळ्यांच्या आत दाटीने बसलेले. यंत्र गजाच्या हातात. गजा म्हणजे डाव्या दोरीचा पुढारी, आणि खेळातले रस्ते त्यालाच ठाऊक. उजव्या दोरीचा पुढारी सुर्या त्याच्या खांद्यावरून बघत होता, कारण जपानी अक्षरांतलं 'पकड' कुठलं हे फक्त त्याच्या लक्षात राहिलं होतं. आणि कधी पकडायचं ते आबा सांगत.

"थांब. अजून येवंदे. आता टाक," आबा म्हणायचे, आणि नांग्या उगारलेली एक कुर्ली सापडायची.

सापडलेल्या प्राण्यांचे रीतसर वाटे झालेले होते. ती कुर्ली गजाची, मोरीसारखा, म्हणजे लहान शार्कसारखा दिसणारा दात विचकलेला तो आबांचा, पंख असलेली कोळंबी, म्हणजे सुंगटं, सुर्याची. दर काही प्राण्यांमागे एक होडीच्या वाट्याचा. त्याला कोणी हात लावत नसे. झुंजी मात्र त्यांनी कधी लावल्या नाहीत.

"आपली मासळी दुसऱ्याच्या मासळीवर कोण सोडता?" आबांनी मला विचारलं. मालिकेतल्या पोराबद्दल मात्र त्यांचं मत चांगलं होतं. "दर आठवड्याक हरता आणि परत जाता. मच्छीमाराच्या पोटचो झिल दिसता."

मग एका पावसाळ्यात रापण फुटायची वेळ आली. सुर्याला यांत्रिक होडी घ्यायची होती. जवळ मासळी राहिली नाही, मोठ्या ट्रॉलरांनी सगळं खरवडून नेलं, दोऱ्या ओढत बसण्यात अर्थ नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. गजा म्हणाला, जा, पण आमचं जाळं आमच्याकडे. बोलाचाली झाल्या. वाटप ठरलं. आमच्याकडे वाटपाची एक रीत आहे: ते पुरं व्हायला हवं. एक दोरी जरी सामाईक राहिली तरी रापण एकच मानतात आणि तोवर कोणी वेगळं जाळं घालायचं नाही. होडी, जाळी, दोऱ्या, शिसं, सगळ्याचं ठरलं. राहिलं यंत्र. दोघांनाही आपापले प्राणी हवे होते, आणि ते एका कॅसेटमध्ये होते.

अशा वेळी आबा माझ्या दुकानात आले. प्लास्टिकच्या पिशवीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात टॉवेल, टॉवेलात यंत्र. स्टुलावर बसले आणि बुडालेल्या माणसाची बातमी द्यावी तसं म्हणाले, "वसंता, माझ्याकडसून गेलां."

"काय गेलां, आबा?"

"सगळां. सकाळी एकटोच बसलंय, म्हटलां मोरी बघूया. चालू केलंय तर सुरवातीचो तो म्हातारो इलो आणि जपानीत बोलाक लागलो. माका वाटला गाळी घालता."

खेळाच्या आरंभी एक म्हातारा येऊन स्वागत करतो. तो दिसला म्हणजे मागचं काही शिल्लक नाही.

"काय दाबल्यात?"

"काय दाबलंय ता माका म्हायत आसता तर तुझ्याकडे कित्याक इलो असतंय?" त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "रापण फुटू नये म्हणून मी बोलतंय ता सगळ्यांक ठावक आसा. आता म्हणतले, आबान वाटप मोडूक मुद्दाम पुसल्यान. मगे माझ्या शब्दार कोण जाळां सोडतलो?"

"मगे काय करूया?"

"दुरुस्तीक टाकलंय म्हणान सांगतंय. तू वेळ लाव. दर्याक नारळ पडलो काय पयली रापण एकत्रच घालूची लागतली, वाटप पुरां झालां नाय म्हणान. एकदा दोरी हातात इली काय बघूया."

माझ्या आयुष्यात वेळ लावला म्हणून शिव्या देणारी गिऱ्हाइकं पुष्कळ आली. वेळ लाव म्हणून सांगणारं हे पहिलं. मी कामावर इतक्या आनंदाने कधीच हो म्हटलं नव्हतं.

ते गेल्यावर कॅसेट उघडली आणि सेलला मीटर लावला. काटा हलला नाही. सेल मेला होता, त्याच्या मरणानेच. आबांनी काही पुसलं नव्हतं. पुढच्या वेळी भेटतील तेव्हा सांगू, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल, असं मी ठरवलं. पण आबांच्या आधी गजा आला. दुकानात दुसरं कोणी नाही ना हे त्याने दोनदा बघितलं.

"अण्णा, ता यंत्र आबान तुझ्याकडे दिल्यान मां?"

"दिल्यानी."

"तेंका काय कळलां?"

"काय कळूचा?"

गजाने कपाळावरचा पाऊस पुसला. "आबान न्हेवच्या आदी मी एकदा हळूच चालू केलंय. कुर्ली खंय आसा बघूक. तर म्हातारो! दोन बटणां एकदम दाबली असतलंय. सुर्याक कळलां तर म्हणतलो, ह्याना माझी सुंगटां मुद्दाम मारली. कोणाक सांगू नको. आणि जरा वेळ लाव."

मी त्याला सेलचं सांगणार होतो, पण तेवढ्यात एक बाई टीव्हीचा रिमोट घेऊन आली आणि गजा पावसात पसार झाला.

दोनेक दिवसांनी सुर्या. यांत्रिक होडीच्या कर्जासाठी बँकेत जाऊन जाऊन त्याला शुद्ध मराठीची सवय लागली होती. तो उभाच राहिला.

"अण्णा, एक तांत्रिक शंका होती. समजा, एखाद्या यंत्रातली माहिती चुकून नष्ट झाली, तर ती कोणाच्या हातून झाली हे यंत्र उघडल्यावर कळतं का?"

"बोटाचे ठसे उमटतत काय इचारतंस?"

"तसंच काहीसं."

"नाय कळणा."

त्याने श्वास सोडला आणि बँक एकदम उतरली. "मगे बरां झालां. अण्णा, आयशीची शपथ, मी काय दाबूक नाय. नुसतो 'पकड'चो अक्षर खंयचो ता बघी होतंय, इसरलंय काय म्हणान. तर मेलो म्हातारो इलो. गजाक सांगू नको. तो बोलूचो नाय, पण वर्सभर तसोच बघीत रवतलो."

"मी वेळ लावतंय," मी म्हणालो.

"लाव. घाय नाय," सुर्या म्हणाला. यांत्रिक होडीवाल्याच्या तोंडून हे वाक्य मी परत कधी ऐकलं नाही.

पुढच्या बाजाराला आबा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे तो सेल ठेवला आणि सगळं समजावलं. गजा-सुर्याचं नाव घेतलं नाही. दुरुस्तीवाल्याला घराघरातल्या वस्तू उघडून बघायला मिळतात, त्याने तोंड उघडून चालत नाही. आबांनी सेल बोटांत फिरवला. माझी अपेक्षा होती की ते सुटल्यासारखे हसतील. ते थोडे हिरमुसले. इतके दिवस ज्या पापाचा भार वाहिला ते आपलं नव्हतंच, हे कळल्यावर माणसाला जरा फसल्यासारखं होत असावं.

मग त्यांनी मान वर केली. "दोघेव इल्ले मां तुझ्याकडे?"

मी सोल्डरच्या तारेकडे बघत राहिलो.

"इल्ले म्हण. चार दिवस झाले, गजा सुर्याच्या जाळ्याक गाठी मारता. सुर्यान काल गजाच्या पडवीचा छप्पर शिवल्यान. एकमेकांक 'तू आदी घी, तू आदी घी' करतत. माका तेवाच संशय इलो. मालवणी माणूस असो उगाच वागणा नाय." त्यांनी सेल माझ्या टेबलावर ठेवला. "नवो घाल. पण यंत्र आताच परत देव नको. पुनवेनंतर."

"आणि तेंनी कारण इचारल्यानी तर?"

"इचारल्यानी तर खरां काय तां सांग. खोटां बोलू नको." ते उठले, छत्री झटकली. "पण कोण इचारूचो नाय."

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला आणि समुद्र जरा निवळल्यावर तोंडवलीच्या वाळूवर रापण पडली. मी मुद्दाम गेलो होतो. डाव्या दोरीला गजा, उजव्याला सुर्या, मध्ये आबा उभे. दोन्ही टोळ्या ओढता ओढता एकमेकींच्या जवळ येत जातात, ते बघण्यासारखं असतं. त्या दिवशी सुर्याची टोळी मागे पडली तेव्हा गजाने आपला वेग कमी केला. आबांना ओरडावं लागलं नाही. मासळी विशेष नव्हती, पेडवे आणि थोडे बांगडे. वाटे झाले. दोरीला नुसता हात लावला म्हणून मलाही मिळाला.

मग मांगरात बसून मी यंत्र बाहेर काढलं. गजाने ते घेतलं नाही, सुर्याकडे सरकवलं. सुर्याने आबांकडे. आबांनी चालू केलं. म्हातारा आला आणि जपानीत बोलायला लागला. गजा झावळांकडे बघत होता. सुर्याला पायात रुतलेला काटा त्याच क्षणी काढायचा होता.

"मशिनीचां असांच आसता," गजा म्हणाला.

"खारी हवा," सुर्या म्हणाला.

"दर्याचां होतां, दर्यान न्हेल्यान," आबा म्हणाले, आणि दोघांनी इतक्या जोरात माना हलवल्या की मला खोकला काढावा लागला. मला कोणी काही विचारलं नाही. वाटायला काही उरलं नव्हतं, म्हणून वाटप पुढे ढकललं गेलं, आणि म्हातारा बोलायचा थांबल्यावर गजाने वाट धरली, सुर्याने अक्षर दाखवलं.

हे मी विनोद म्हणून सांगतो, पण त्या काळात ज्या कामाचा मला अभिमान आहे ते मी हाताने केलेलं नाही. सेल बदलायला फार कसब लागत नाही. वाईट एवढंच वाटतं, की जुना सेल जिवंत असता तर नवा बसेपर्यंत बाहेरून वीज देऊन मला आतलं सगळं वाचवता आलं असतं. तशी सोय मी पुढे केली, आणि बऱ्याच पोरांचे प्राणी वाचवले. मग मोबाइल आले, खेळ त्यांच्यात गेले, आणि कॅसेट घेऊन कोणी येईनासं झालं.

रापण शेवटी फुटलीच. भांडण नव्हतं. मासळीच नव्हती. सुर्याने होडी घेतली, गजाने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. होडी, जाळी, दोऱ्या वाटल्या गेल्या. कॅसेटचा विषय आबांनी काढू दिला नाही.

त्यानंतर वर्षभराने मालवणात एका मंडळाने आबांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, काचेत बसवलेलं मानपत्र. वक्त्यांनी सहकाराच्या अखंड परंपरेबद्दल, एका दोरीला लागलेल्या शंभर हातांबद्दल आणि आबांच्या दूरदृष्टीबद्दल इतकं भरून बोलून घेतलं की माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. आबा खाली आले तेव्हा मी म्हणालो, "आबा, रापण तर फुटली."

"कोण म्हणता?" आबा म्हणाले. "वाटप पुरां खंय झालां? कॅसेट रवली हा. ती सामाईक आसा तोवर रापण एकच."

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मग आबांना पोचवायला आम्ही तिघं बाहेर पडलो आणि तोंडवलीला दोन वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. स्टेजवर आबांच्या शेजारी कोणी बसायचं यावरून गजा आणि सुर्या सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते.